पाणी पळालं, केबल लांबली

मे २०२४ चा शेवटचा आठवडा. सकाळी सव्वासहाला आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला : सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या बॅकवॉटरच्या काठावर, एका रात्रीत पाणी उपसायच्या चार मोटारींच्या केबल कापून नेल्या. केबलचोरी आमच्याकडे नवी नाही. पण एका ओळीत चार मोटारी आणि प्रत्येकीची केबल दोनशे मीटरच्या वर, असं एका फिर्यादीत क्वचितच येतं. सात वाजता आम्ही निघालो. सोबत पन्नास मीटरचा टेप, प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी, पाण्याचे दोन कॅन आणि छायाचित्रं काढायला एक मोबाईल. त्या दिवसांत दुपारी पारा ४२-४३ च्या घरात असायचा. गाळावरचे ठसे उन्हाने अकरापर्यंत भुगा होऊन जातात, म्हणून घटनास्थळाचा पंचनामा आठच्या आत सुरू करायचा हा आमचा उन्हाळ्यातला नियम.

आधी उजनीचं ‘उणे’ समजून घ्यावं लागतं. धरणाचा एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि तळाचा मृत साठा ६३.६५ टीएमसी. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. त्यामुळे ‘उणे पन्नास’ म्हणजे धरण कोरडं पडलं असं नव्हे, मृत साठ्यातलेही जवळपास २७ टीएमसी गेले असा त्याचा अर्थ. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलंच नाही. ऑक्टोबरमध्ये राज्याने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यांत करमाळा होता. आम्ही त्या काठावर उभे होतो तेव्हा उजनी उणे पन्नासच्याही खाली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती उणे साठपर्यंत गेली. पलीकडच्या काठाला पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर आलं होतं आणि लोक चालत दर्शनाला जात होते.

आमच्या तपासासाठी मात्र टक्क्यापेक्षा उतार महत्त्वाचा होता. हे धरण पसरट आहे. पूर्ण भरलेली पातळी आणि मृत साठ्याची पातळी यांत सहा मीटरचंही अंतर नाही. काठाचा उतार शंभराला एक धरला, तर पाणी एक मीटर खाली गेलं की काठ शंभर मीटर पुढे सरकतो. काही ठिकाणी उतार त्याहून मंद आहे. म्हणून फेब्रुवारीत वस्तीपासून दीडशे मीटरवर असलेली मोटर मे महिन्यात चारशे-साडेचारशे मीटरवर जाते. मोटारीबरोबर केबल जाते, पाइप जातो आणि मोटारीपर्यंत पाणी आणायला गाळात चारी खणावी लागते. इकडे याला ‘मोटर पुढं घेणं’ म्हणतात. त्या हंगामात काहींनी चार-चार वेळा मोटर पुढे घेतली होती.

फिर्यादीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला सगळे तात्या म्हणत होते. त्यांना विचारलं, “तात्या, केबल किती मीटर गेली?”

“पाश्शे धरा, सायेब.”

“मोजून सांगता येईल?”

“आता मोजायची कशानं? नेली की समदी. पाणी पळालं तशी वढली पुढं, जोड दिला, परत वढली. हिशेब कुठं ठेवलाय?”

चौघांच्या सांगण्याची बेरीज सोळाशे मीटर होत होती. असे गोल आकडे फिर्यादीत तसेच उतरले की खटल्यात अडचण होते. पुढे तपासात तेराशे निघाले की बचाव पक्ष विचारतो, तीनशे मीटर केबल हवेत गेली का? म्हणून आकडा जागेवरच तपासायचा होता, आणि त्याचं साधन पायाखालीच होतं. ओल्या गाळावर केबल दोन-तीन आठवडे पडून राहिली की तिच्या वजनाने वळ उठतो. गाळ वाळतो, वळ तसाच राहतो. केबल उचलून नेली तरी ती जिथे होती ती पन्हळ, प्रत्येक वळणासकट, दिसत राहते. आम्ही त्या पन्हळीवरून टेप धरला. ४१०, ३६०, ३०० आणि २४० मीटर. एकूण १३१०. चौघांचे पुरवणी जबाब त्याच दिवशी घेतले आणि मोजमापाच्या वेळी दोन्ही पंच टेपच्या दोन टोकांना उभे असल्याचं पंचनाम्यात लिहिलं.

मग तांब्याचा हिशेब. तो केल्याशिवाय ही चोरी का झाली आणि कशी झाली, दोन्ही कळत नाही. दहा हॉर्सपॉवरची मोटर साधारण पंधरा अँपिअर ओढते. सहा स्क्वेअर एमएमची (हे तारेच्या जाडीचं, छेदाच्या क्षेत्रफळाचं माप) तांब्याची केबल पाचशे मीटर लांब टाकली, तर सुमारे चाळीस व्होल्ट वाटेतच पडतात. त्यात उन्हाळ्यात व्होल्टेज आधीच कमी, म्हणून मोटर गरम होते आणि जळते. ते टाळायला शेतकरी जाड केबल घेतो, दहा स्क्वेअरची. म्हणजे पाणी लांब गेलं की केबल नुसती लांबत नाही, जाडही होते. चार स्क्वेअरच्या तीन तारी केबलमध्ये मीटरला साधारण १०७ ग्रॅम तांबं असतं, दहा स्क्वेअरच्या केबलमध्ये साधारण २७० ग्रॅम. दीडशे मीटरवरच्या मोटारीला चार स्क्वेअर पुरते. तिथे उघड्यावर पडलेलं तांबं सोळा किलो. तीच मोटर साडेचारशे मीटरवर दहा स्क्वेअरने चालवली तर एकशे एकवीस किलो. पाणी तिप्पट लांब गेलं, तर उघड्यावरचं तांबं साडेसात पट झालं. आणि ते वस्तीपासून इतकं दूर की तिथे कुत्रं भुंकलं तरी घरात ऐकू येत नाही.

गुन्हा आणि हवामान यांचा संबंध काय, असं कोणी विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे ही पन्हळ येते. खात्यात या विषयाचं नेहमीचं उत्तर ‘उन्हाळ्यात डोकी तापतात’ एवढंच असतं. ते खोटं नाही. साठ अभ्यासांची एकत्र मांडणी करणारा एक निबंध २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. तापमान किंवा पाऊस नेहमीच्या चढउताराच्या एका प्रमाण विचलनाने बिघडला, तर माणसामाणसांतली हिंसा साधारण चार टक्क्यांनी आणि गटागटांतला संघर्ष चौदा टक्क्यांनी वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. पण चार टक्के हातात घेऊन तपास करता येत नाही, गस्तही लावता येत नाही. कोणती वस्तू, किती, कुठे आणि किती वाजता राखणीविना पडली, हे कळलं तरच काही करता येतं.

किती वाजता, याचं उत्तर सबस्टेशनच्या लॉगशीटमध्ये होतं. चालू लाईनवर कोणी केबल कापत नाही. पाणी जपायचं म्हणून टंचाईत बॅकवॉटरच्या शेतीपंपांची वीज तोडून-तोडून देतात. ते वेळापत्रक गावात सगळ्यांना पाठ असतं, असायलाच हवं, कारण लोकांना रात्री उठून मोटर सुरू करायची असते. त्या फीडरची, म्हणजे सबस्टेशनवरून काठाकडे येणाऱ्या वीजवाहिनीची, थ्री फेज पहाटे दोनला गेली आणि सकाळी आठला आली, अशी नोंद लॉगशीटवर होती. दोनला लाईट गेल्यावर तात्यांचा मुलगा मोटर बंद पडल्याचं बघून घरी झोपायला आला होता. उजाडताना एक जण मासे धरायला गेला, त्याने कापलेली टोकं पाहिली. साडेतीन तासांची खिडकी मिळाली. लॉगशीटची प्रमाणित प्रत तपासी अंमलदाराने पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. महिन्याने मागितली की वही बदललेली असते.

आता टोकं. मोटारीकडे आणि स्टार्टरकडे केबलचं हात-दोन हात टोक राहतं. हा सर्वांत मोलाचा मुद्देमाल, आणि बहुतेक वेळा तो शेतकरी दुसऱ्या दिवशी नवीन केबल जोडताना फेकून देतो. टोक घेताना चोराने कापलेली बाजू सोडून दुसऱ्या बाजूने, निदान एक फूट अंतरावर, आपण कापायचं. आपल्या कापावर लगेच टेप गुंडाळायचा आणि त्यावर ‘पोलीस’ लिहायचं, नाहीतर प्रयोगशाळेत कोणता काप कोणाचा याचा घोळ होतो. चोराच्या कापाला बोट लावायचं नाही, घासायचं नाही. कटरने कापलेली तांब्याची तार दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखी, छिन्नीच्या धारेसारखी होते. हॅक्सॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, कापलेली सपाट असते आणि तिला एका बाजूला कूस राहते. कटरच्या पात्याला खाच असेल तर ती खाच तारेवर उमटते आणि पुढे कटर सापडला तर जुळवता येते. आमच्याकडे आठपैकी सात टोकं कटरची होती. आठवं टोक जोडावर उघडलेलं होतं, कापलेलं नव्हतं. इन्सुलेशन टेप नीट उलगडून बाजूला टाकलेला.

त्या उलगडलेल्या टेपाने तपासाची दिशा ठरली. जोड वाळलेल्या गाळाखाली चार बोटं पुरलेला होता. अंधारात तो शोधायला तो कुठे आहे हे आधी माहीत असायला हवं. जोड कोणी दिला, असं चौघांना वेगवेगळं विचारलं. उत्तर एकच आलं : मोटारी पुढे घेणारी टोळी. पाणी हटायला लागलं की या काठावर असं मजुरीचं काम निघतं. चार-पाच जण मोटर उचलतात, केबल ओढतात, चारी खणतात आणि खेपेला ठरलेले पैसे घेतात. मे महिन्याच्या मध्यापर्यंत त्यांना रोज काम होतं. नंतर पाणी इतकं लांब गेलं की बऱ्याच जणांनी ऊस सोडून दिला, मोटर पुढे घेणं बंद केलं आणि टोळीचं काम एकदम थांबलं. कोणाची केबल तांब्याची, कोणाची ॲल्युमिनियमची, कोणती किती लांब, जोड कुठे, हे त्या हंगामात शेतकऱ्यांपेक्षा त्यांना जास्त नेमकं माहीत होतं.

यातून पाचही मजूर चोर ठरत नाहीत. शेवटी दोघांविरुद्धच पुरावा आला, इतर दोन आरोपी बाहेरचे होते. गाव मात्र त्याच सकाळी सगळ्या टोळीला हाणायला निघालं होतं. ते थांबवण्यात आमचा तासभर गेला आणि तो तास वाया गेला असं मला वाटत नाही. टंचाईत जमाव लवकर जमतो. चोरीच्या गुन्ह्याचा मारहाणीचा गुन्हा व्हायला एक आरोळी पुरते.

वाहतुकीचाही हिशेब जुळवला. दहा स्क्वेअरची केबल आवरणासकट मीटरला अर्ध्या किलोच्या आसपास भरते. १०७० मीटर दहा स्क्वेअरची आणि २४० मीटर सहा स्क्वेअरची, मिळून सहाशे किलोच्या घरात. गाळाच्या वरच्या पापुद्र्याखाली ओल असते, तिथे पिकअप रुतते. म्हणजे माल खांद्यावर पक्क्या जमिनीपर्यंत आणावा लागला. वळाच्या कडेला दर चाळीस मीटरला तांब्याचे बारीक तुकडे आणि आवरणाचा चुरा सापडत होता, तिथे तिथे कापून वेटोळी केली होती. वेटोळं वीस किलोचं. चार माणसांना प्रत्येकी आठ-नऊ खेपा. साडेतीन तासांत बसतं. जाताना पावलं उथळ, येताना टाचा खोल. चांगले दोन ठसे निवडले. भुसभुशीत ठशावर आधी लाखेच्या द्रावणाची हलकी फवारणी करून तो घट्ट केला, मग प्लास्टर ओतलं. एक किलोला साधारण सहाशे मिलिलिटर पाणी. उन्हात पाणी तापलेलं असेल तर प्लास्टर ओतण्याआधीच आळतं, म्हणून कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून न्यावा.

जागेचं नाव काय लिहायचं, हा वेगळाच पेच. बुडीत क्षेत्राची जमीन संपादित झालेली, तिला आज ना बांध ना गटाची खूण. नदीच्या जुन्या पात्राच्या पलीकडे पुणे जिल्हा सुरू होतो. ‘धरणाच्या पात्रात’ एवढंच लिहिलं तर पुढे कोणालाच जागा सापडणार नाही. सापडली तरी तिथे उभं राहता येणार नाही, कारण पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते. म्हणून आम्ही प्रत्येक मोटारीचे अक्षांश-रेखांश लिहिले, वस्तीतल्या पाण्याच्या टाकीपासूनचं अंतर आणि दिशा लिहिली, टाकी चौकटीत येईल अशी छायाचित्रं काढली आणि पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागायचं त्या प्रमाणपत्रासाठी फोनचा तपशील त्याच दिवशी टिपून ठेवला. आणि पंचनाम्याच्या मथळ्याखाली, छापील नमुन्यात नसलेली एक ओळ घातली : धरणाची त्या दिवसाची टक्केवारी, वस्तीपासून मोटारीचं अंतर, वीजपुरवठ्याच्या वेळा.

दुपारी चारला पश्चिमेकडून ढग चढले. त्याच महिन्याच्या २१ तारखेला अशाच वळवाच्या वादळात कुगाव-कळाशी मार्गावरची बोट उलटून सहा जण बुडाले होते, त्यामुळे काठावर आधीच धास्ती होती. शेवटची पन्हळ मोजून सह्या होईपर्यंत साडेपाच झाले. सहाला धुळीचा लोट आला आणि मागोमाग वीस मिनिटं टपोरा पाऊस पडला. पन्हळी, पावलं, सगळं सपाट झालं. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर ‘अंदाजे’ हा एकच शब्द हाती राहिला असता.

तीन दिवसांनी, सहा-सात किलोमीटरवर एका बंद खडी खाणीत केबल जाळल्याची जागा मिळाली. आवरण जाळताना काळा धूर होतो, नाकाला झोंबणारा वास येतो, आणि खाली काळ्या ढेकळांसारखी राख उरते. ती रात्री पेटवली होती, पण वास दोन दिवस टिकला आणि एका मेंढपाळाने सांगितलं. जळलेल्या तांब्याला ओळख नसते. ते कोणाचंही असू शकतं, न्यायालयात याच मुद्द्यावर केबलचोरीचे खटले पडतात. आमचं नशीब अर्धवट जळालेल्या आवरणात होतं. केबलवर कारखान्याचं नाव, आयएसआय खूण आणि दर मीटरला चढता आकडा छापलेला असतो. चौघांपैकी एकाने एप्रिलमध्ये नवा ड्रम घेतला होता आणि पावती जपली होती. त्याच्या मोटारीकडच्या टोकावर शेवटचा आकडा ६२ होता, स्टार्टरकडच्या टोकावर पहिला ४२५. मधले आकडे चोरीला गेलेले. राखेत त्याच कंपनीचे १३८, २०७ आणि ३९१ आकड्यांचे तुकडे मिळाले. पन्हळ ३६० मीटर भरली होती. आकड्यांचा हिशेब दोन-तीन मीटरच्या फरकाने त्याच्याशी जुळला.

पुढचं थोडक्यात. एका आरोपीच्या निवेदनावरून, पुरावा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे पंचांसमक्ष, कटर निघाला. भंगारवाल्याकडून १४० किलो जळकं तांबं जप्त झालं, बाकीचं वितळून गेलं होतं. हिशेबाने ३२७ किलो जायला हवं होतं. तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती, म्हणून चोरीला ३७९ आणि चोरीचा माल घेणाऱ्याला ४११. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना हीच कलमं भारतीय न्याय संहितेत ३०३(२) आणि ३१७(२) अशी लागतात.

दोषारोपपत्र गेल्यावर आम्ही त्या हंगामातल्या ठाण्याच्या सगळ्या केबल आणि मोटर चोऱ्यांच्या फाइली काढल्या. घटनेची तारीख घेऊन धरणाची त्या दिवसाची टक्केवारी आणि फीडरची लॉगशीट शेजारी मांडली. बहुतेक चोऱ्या लाईट नसलेल्या तासांत होत्या. गस्त मात्र वर्षानुवर्षं रात्री अकरा ते दोन फिरत होती, म्हणजे मोटारी चालू असताना, लोक काठावर जागे असताना. ती वेळ फीडरच्या वेळापत्रकाला बांधली : लाईट जाते तेव्हा गाडी काठावर. हे खालच्या नदीकाठालाही लागू पडतं. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडतात तेव्हा ते औज बंधाऱ्यापर्यंत पोचावं म्हणून काठच्या पंपांची वीज तोडतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या काठावर तेच अंधारे तास तयार होतात.

हे सगळं हवामान बदलाच्या खात्यावर टाकायचं का? सावध राहून बोललं पाहिजे. २०२३ हे एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागर तापून आपला पाऊस घटण्याचा संभव असलेलं वर्ष होतं, आणि एका कोरड्या वर्षावरून हवामान ठरत नाही. शिवाय मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांब्याने टनाला ११ हजार डॉलरच्या वरचा, तोवरचा उच्चांकी भाव गाठला होता. भंगारातल्या भावाला तेही कारण होतं. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते, त्यामुळे पाऊस यायचा तेव्हा ओतून येतो आणि मधले उघडे दिवस जास्त सुकवतात, हे भौतिकशास्त्र पक्कं आहे. आमच्या जिल्ह्याने ऑक्टोबर २०२० चा भीमेचा पूर, २०२४ ची उणे साठ उजनी आणि सप्टेंबर २०२५ चा सीनेचा पूर पाच वर्षांत पाहिला. ठाण्याला या प्रत्येकासाठी वेगळी तयारी लागते.

सीनेच्या पुरानंतर माढा-मोहोळकडून उलट्या फिर्यादी आल्या : मोटर गेली, पण वाहून की चोरून, ते कळेना. वाहून गेली तर भरपाईचा पंचनामा महसूल करतो, चोरी असेल तर गुन्हा आम्ही नोंदवायचा. दोन्हीकडून परत पाठवलेला शेतकरी तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर बसलेला दिसतो, आणि ते बघवत नाही. तिथेही उत्तर टोकातच असतं. प्रवाहाने ओढून तुटलेल्या केबलची तार टोकाला निमुळती होते, प्रत्येक तार वेगळ्या लांबीवर तुटते, आवरण ताणून पांढुरकं पडतं. कटरने कापलेल्या तारा एका रेषेत संपतात. चिखल पाण्याने हळू धुवायचा, ब्रश लावायचा नाही, भिंगाखाली बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

तात्यांना त्यांच्या वाट्याचं जळकं तांबं न्यायालयाच्या हुकमाने सुपूर्तनाम्यावर मिळालं. त्यांनी पुढच्या खेपेला ॲल्युमिनियमची केबल घेतली आणि बिल, ड्रमवरच्या चिठ्ठीसकट, मुलाच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवलं. त्यांची मोटर जिथे होती तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये धरण भरल्यावर पाणी आलं. पंचनाम्यातली जागा आता फक्त अक्षांश-रेखांशात आहे.